नेब्रास्कातल्या अठराशे वस्तीच्या गावात राहायला जावं का?

केतकी_एडिसन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नवरा डॉक्टर आहे, रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) पुढच्या जूनमध्ये संपेल. जे-१ व्हिसा, त्यामुळे एक तर दोन वर्षं भारतात परत जायचं, नाहीतर त्यातून सूट, म्हणजे वेव्हर, घेऊन डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. त्याला नेब्रास्काच्या मधोमध, कस्टर काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) बाजूला, एका गावातून ऑफर आलीय. लोकसंख्या अठराशे. मी दोनदा विचारलं, पुढे एखादं शून्य राहिलंय का. नाही, अठराशेच. इथे न्यू जर्सीत आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त माणसं असतील आणि त्यातली निम्मी गुजराती.

मुलगी सात वर्षांची. मी मूळची ठाण्याची, खाली रिक्षाचा आवाज नसेल तर मला झोप लागत नाही. मुलाखतीच्या वेळी दोन दिवस राहून आलो. सगळे इतकं गोड बोलले की उलट धास्तीच बसली. नेटवर शोधलं तर 'शांत, निसर्गरम्य'. ते नकोय मला. तिथे मंगळवारी दुपारी माणसं नक्की काय करतात, ते सांगा.

धोंडोपंत

अमेरिकेतलं खेडं म्हणजे चोवीस तास वीज, नळाला गरम पाणी आणि दारात दोन गाड्या. याला खेडं म्हणायचं असेल तर आमची सदाशिव पेठही वाडीच. जा बिनधास्त.

कोरडवाहू

पंत, वीज आली की खेडेपण जातं हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी आटपाडीचा. अकरा वर्षं झाली नेब्रास्कात. शेताला गोल फिरून पाणी देणारी चाकांवरची लांबलचक यंत्रं असतात, सेंटर पिव्हट म्हणतात, त्यांच्या दुरुस्तीचं काम बघतो. आठवड्याला सात-आठ गावं होतात माझी.

ताई, पहिल्यांदा डोक्यातलं 'गाव' पुसून टाका. आपल्याकडं घरं गावठाणात, शेतं भोवतीनं, आणि एखाददुसरा वस्तीवर राहणारा. इथं सगळेच वस्तीवर. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, पण अट अशी की त्याच जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहायचं आणि ती कसायची. मग चार घरं जवळजवळ बांधणार कशी? पुढं वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्यात १६० एकरात कुणाचं भागेना, तर १९०४ ला किंकेड कायद्यानं ६४० एकर दिले. शेजारी आणखी लांब गेला.

मग गाव झालं ते रेल्वेमुळं. धान्याची घोडागाडी आणून, रिकामी करून दिवस मावळायच्या आत घरी पोचता यावं, अशा अंतरानं रेल्वेवाल्यांनी स्टेशनं टाकली. त्यामुळं एक गाव बघितलं की शंभर बघितल्यासारखं आहे. रूळ, रुळाला चिकटून धान्याचं उंचच्या उंच कोठार (सगळे एलिव्हेटर म्हणतात), तिथनं निघालेला एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी विटांची जुनी दुकानं, त्यातली निम्मी बंद, आणि पाण्याच्या टाकीवर गावाचं नाव.

रस्ते मैला-मैलावर, काटकोनात. पत्ता विचारला की 'एलिव्हेटरपासून उत्तरेला चार, मग पश्चिमेला एक'. डावं-उजवं कुणी बोलत नाही. आमच्या ऑफिसातल्या बाईनं एकदा मला फ्रीजमधला डबा 'दुधाच्या दक्षिणेला आहे' म्हणून सांगितला. मी सूर्य कुठं आहे ते बघायला खिडकीशी गेलो.

आता माणसं. कस्टर काउंटी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडीशीच लहान. १९२० ला तिथं २६ हजारांवर लोक होते. २०२० ला साडेदहा हजार. काही तीसच्या दशकातल्या दुष्काळात गेले, पण खरं कारण ट्रॅक्टर. यंत्र मोठं झालं तसं शेत मोठं होत गेलं. आठ कुटुंबं जगायची तेवढ्या रानात आता बाप आणि एक पोरगा पुरतो. बाकीची पोरं ओमाहा, लिंकन, डेन्व्हर.

गुरं मात्र उदंड. राज्यात माणसं वीस लाखांच्या आसपास आणि गुरं साठ लाखांच्या आसपास. वारं फिरलं की वास येतो. नाकाला रुमाल लावू नका, समोरचा लगेच म्हणणार, 'हा पैशाचा वास'.

आणि पोचल्या पोचल्या गाडीची नंबरप्लेट बदला. इथं बहुतेक काउंट्यांत प्लेटचा पहिला आकडा काउंटीचा असतो. १९२२ ला ज्या काउंटीत सगळ्यात जास्त गाड्या होत्या तिचा १, मग २, असे ९३ पर्यंत. कस्टरचा ४. त्या काळी काय वैभव असेल बघा! न्यू जर्सीची प्लेट घेऊन शिरलात तर तुम्ही पेट्रोल भरून होईस्तोवर पाहुणे कुणाकडं आलेत याचा शोध लागलेला असतो.

केतकी_एडिसन

दुधाच्या दक्षिणेला! हसून हसून पुरेवाट. कोरडवाहू, खूप आभार, हे कुठल्याच साइटवर नव्हतं. पण मंगळवार दुपार राहिलीच.

नऊवारी

ती मी सांगते. मी फिजिओथेरपिस्ट, नाशिकची, नऊ वर्षं अशाच एका गावात आहे. तुझ्याहून लहान, चौदाशे.

बरोबर बारा वाजता अग्निशमन दलाचा भोंगा होतो. रोज. जेवायची वेळ झाली एवढंच सांगायला. पहिल्या दिवशी मला वाटलं टॉर्नेडो. पेशंट आजोबांचा पाय हातात होता, तो सोडून मी जिन्याकडे पळाले. आजोबा तसेच पाय वर धरून हसत बसलेले. अजून भेटले की पाय वर करून दाखवतात.

मग कॅफे. तिथे म्हाताऱ्यांचं एक ठरलेलं टेबल, भिंतीवर खुंट्या, खुंटीला ज्याचा त्याचा कप. फासे टाकतात, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. एकेकाकडे हजार-दोन हजार एकर असतं आणि डॉलरभरासाठी तावातावाने भांडतात. आमच्याकडे पोस्टमन घरी येत नाही, प्रत्येकाची पेटी पोस्टात. त्यामुळे पोस्ट म्हणजे आपला पार. साडेतीनला शाळा सुटते, मग पोरं आणि ट्रॅक्टर दोन्ही एकाच रस्त्यावर. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. नाही उचललंस तर दुसऱ्या दिवशी नवऱ्याला विचारतील, 'बायको बरी आहे ना?'

पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट मला कळायला वर्ष लागलं. ती सांगते, जरा लांबण लागेल.

गावात एक आजी वारल्या. माझ्या पेशंट होत्या. संध्याकाळी एका बाईंचा फोन: शुक्रवारी अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण आहे, तू दोन डझन बार्स आणशील का? मी म्हटलं हो. दुकानात जाऊन ग्रॅनोला बारची दोन खोकी घेतली आणि नेऊन ठेवली. टेबलावर हॅम सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, आणि मोठमोठ्या ट्रेमध्ये चौकोनी कापलेल्या घरच्या मिठाया. लिंबाच्या, ओटच्या, चॉकलेटच्या. त्यांना बार्स म्हणतात! शेजारी माझी खोकी, बारकोडसकट. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. एका बाईने शांतपणे खोकी फोडली, वेष्टनं काढली, तुकडे केले आणि ताटलीत मांडून ठेवले.

पुढच्या वेळी मी नारळाच्या वड्या नेल्या. शंकरपाळ्यासारख्या कापून. दहा मिनिटांत संपल्या. आता गावात कुणीही गेलं की मला फोन येतो आणि काय आणायचं ते सांगतसुद्धा नाहीत.

मुद्दा असा की ही गावं फुकटच्या कामावर चालतात. पगारी अग्निशमन दल नाही. बँकेतला माणूस, शिक्षक, वेल्डर, यांच्या खिशातलं यंत्र वाजलं की हातातलं टाकून पळतात. अँब्युलन्सचं तेच. शाळेच्या मॅचला पॉपकॉर्न विकायला आईबाप पाळीने उभे राहतात, त्या पैशातून पोरांच्या सहली. पोहण्याचा तलाव, वाचनालय, जत्रा, सगळ्याला तीच पंचवीस-तीस माणसं. डॉक्टरांच्या बायकोने शंभर डॉलरचा चेक दिला तर थँक यू म्हणतील आणि तुझं नाव पाहुण्यांच्या यादीत जाईल. पॉपकॉर्नच्या मशीनपाशी उभी राहिलीस तर आत. मधलं काही नाही.

अंगतपंगत

नऊवारी, सुंदर लिहिलंय. एक बाळबोध शंका: शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

नऊवारी

बटाटा. :)

गंमत सोड, दुकानदाराशी बोलायचं. आमच्याकडचे दुकानदार मालक स्वतःच गल्ल्यावर असतात. कोथिंबीर ठेवाल का विचारलं, तर म्हणाले चार जुड्या घेतल्यास तर मागवतो. अडीच वर्षं मी दर गुरुवारी चार जुड्या घेतल्या, निम्मी वाटून फ्रीझरमध्ये. मग गावातली मेक्सिकन कुटुंबं वाढली आणि आता ती आपोआप येते. तरी माझ्या पिशवीवर नाव लिहून बाजूला ठेवतात. तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याचं सामान ओमाहाहून. दोन महिन्यांतून एकदा, गाडीत कूलर टाकून, येऊन-जाऊन आठ तास. बारीकसारीक कार्नीला मिळतं (स्पेलिंग वाचून केअर्नी म्हणू नकोस, लगेच परकी ठरशील).

सहभोजनात 'सॅलड' म्हणून जे पुढ्यात येतं त्यात मार्शमेलो असू शकतात. आणि शाळेच्या जेवणात तिखट राजमा-खिम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल देतात, बुडवून खातात. माझ्या लेकीला आता त्याशिवाय चिली चालत नाही. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच.

धोंडोपंत

चिलीत दालचिनीचा रोल! आणि आमच्या मिसळीत फरसाणाऐवजी शेव घातली तर इथे शंभर प्रतिसाद पडतात.

सांजवात

सगळं छान छान चाललंय म्हणून लिहावं की नाही, असं झालं होतं. पण केतकीने खरं विचारलंय.

आम्ही दोन वर्षं पश्चिम कॅन्ससमध्ये होतो, बाराशे वस्ती. नऊवारी म्हणतात ते सगळं खरं आहे. लोक वाईट नव्हते. पहिल्या हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ कुणीतरी काढून गेलेलं. कोण ते आम्हाला महिनाभर कळलं नाही.

पण गावात एकच दुकान, गल्ल्यावर मुलाच्या वर्गातल्या मुलीची आई. मी तिथून प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणलं. संध्याकाळी शाळेच्या पार्किंगमध्ये एक बाई जवळ येऊन, दंडाला हात लावून म्हणाल्या, 'काही लागलं तर सांग हं.' टेस्ट निगेटिव्ह होती. ते त्यांना कसं सांगायचं? त्यानंतर मी असल्या गोष्टींसाठी पन्नास मैल गाडी चालवायचे. पन्नास मैल, फक्त कुणाला माहीत होऊ नये म्हणून.

'कुठल्या चर्चला जाता?' हा प्रश्न पहिल्या महिन्यात मोजून अकरा वेळा आला. खवचटपणे नाही, आपण 'गाव कुठलं?' विचारतो तसा. कुठल्याच नाही म्हटलं की एक छोटी शांतता. निवडणुकीच्या वर्षी अंगणाअंगणातल्या पाट्या वाचत मुलाला शाळेत सोडायचे. काही पाट्या आमच्यासारख्यांनी इथे येऊच नये असं म्हणणाऱ्या. त्यातल्याच एका घरातला माणूस आमचा बर्फ काढत होता, हे शेवटी कळलं. मला आजतागायत या दोन गोष्टी एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

आणि मी एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बीवर अवलंबून असलेला बायकोचा व्हिसा), काम करायची परवानगी नाही. नवरा दिवसाचे बारा तास हॉस्पिटलमध्ये. दिवस खायला उठायचा. मराठी बोलायला भिंती. नऊवारी, तुमच्या हातात नोकरी होती, हा फरक फार मोठा आहे.

नऊवारी

सांजवात, मान्य. शंभर टक्के. किटचा किस्सा वाचून पोटात गोळा आला. माझ्याबाबतीत उलटं झालं, माझ्याकडे सगळ्या गावाचे गुडघे होते, म्हणजे गुपितं मला माहीत. केतकी, हा प्रतिसाद माझ्याआधी वाच.

डॉ_मधलासुट्टी

रात्रपाळीत आहे, थोडक्यात लिहितो. मीही याच मार्गाने आलो.

प्रत्येक राज्याला वर्षाला असे ३० वेव्हर मिळतात, ही योजना १९९४ पासून आहे. वेव्हर मिळाला की नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि तुम्ही जे-२ (जे-१ वाल्याच्या बायकोचा व्हिसा) वरून एच-४ वर. आत्ता जे-२ वर नोकरी करत असाल तर ती जाईल. २०१५ पासून नियम असा की नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी हॉस्पिटलने करायचा अर्ज) मंजूर झाला की एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मागता येते. म्हणून हॉस्पिटल ग्रीन कार्डचे कागद कधी सुरू करणार, ते सही करण्याआधी करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. माझ्या वेळी 'करू की' म्हणाले आणि दीड वर्ष नुसतं 'करू की' चाललं होतं.

हॉस्पिटल बहुधा क्रिटिकल ॲक्सेस प्रकारचं असेल: जास्तीत जास्त २५ खाटा, रुग्ण सरासरी ९६ तासांच्या आत घरी किंवा मोठ्या हॉस्पिटलात. रात्री कितीदा बोलावणं येतं, आठवड्याचे किती दिवस, बर्फात हेलिकॉप्टर उडालं नाही तर रुग्ण कोण सांभाळतं, हे विचारा. आणि दुसरं मूल होऊ द्यायचं असेल तर बाळंतपणं तिथे होतात का, ते विचाराच. बऱ्याच लहान हॉस्पिटलांनी तो विभाग बंद केलाय.

फायदा एकच सांगतो. इथे रुग्ण 'माझा डॉक्टर' म्हणतो. तोटाही तोच. दुकानात दही घ्यायला गेलो तर लोक दंडावरचं पुरळ दाखवतात.

कोरडवाहू

सांजवात ताईंनी लिहिलं त्यावर मला काय बोलता येत नाही. आपण पुरुष माणसं दिवसभर बाहेर, आपल्याला टोचतं ते वेगळं.

मी कामाचं सांगतो. गावाबाहेर शेतातलं घर भाड्यानं घेणार असाल, आणि नवे डॉक्टर म्हटल्यावर कुणीतरी दाखवणारच, तर विहिरीच्या पाण्याची नायट्रेट तपासणी करून घ्या. दहा मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा. मक्याला खत पडतं, पाण्याबरोबर खाली झिरपतं, भाग सगळा वाळूचा. लहान बाळाला ते पाणी धोक्याचं. गावातल्या नळाचं पाणी तपासलेलं असतं, खाजगी विहिरीची जबाबदारी मालकाची.

थंडीत उणे २० फॅरनहाइट म्हणजे आपलं उणे २९ होतंच अधूनमधून, आणि वारं वेगळं. गाडीत घोंगडं, फावडं, पाणी, मेणबत्ती आणि काड्यापेटी नोव्हेंबर ते एप्रिल. बर्फात गाडी अडकली तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही, कधीच नाही. २०१९ च्या मार्चमध्ये वादळ आलं तेव्हा जमीन गोठलेली, पाऊस मुरेना. नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सरचं धरण फुटलं. आमचे पिव्हट काडेपेटीतल्या काड्यांसारखे बर्फाच्या लाद्यांखाली पडलेले. काही ठिकाणी रस्ते नव्हते, तर हेलिकॉप्टरमधनं गुरांना गवत टाकावं लागत होतं.

आता गोड. वडील आले होते आटपाडीहून. चहूकडं मका बघून म्हणाले, एवढ्या रानात भाजायला एक कणीस मिळंना? त्यांना कोण सांगणार, हा दाणा गुरांचा आणि इथेनॉलचा, खायचा गोड मका वेगळा. मी शेजारच्या शेतकऱ्याला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, पाहिजे तेवढी ने, पण ही गुरंसुद्धा वाळल्यावर खातात. दाणा दुधात असताना सहा-सात दिवसच मिळतात. बरोबर त्याच दिवसांत तोडली, गॅसवर भाजली, लिंबू-तिखट-मीठ चोळलं. अहो, आपल्या गावाकडच्या कणसाची चव! गोड मक्याला ती येतच नाही. शेजाऱ्यानं एक खाल्लं, दुसरं मागितलं, आणि बायकोला फोन करून म्हणाला, 'आपण चाळीस वर्षं हे बैलांना घालतोय.' आता दर ऑगस्टला तो स्वतः फोन करतो.

धोंडोपंत

किंचित अवांतर. एवढं वाचून मी चाळत बसलो तर नेब्रास्कात मोनोवाय म्हणून गाव आहे. अधिकृत गाव. लोकसंख्या एक. एल्सी आयलर नावाच्या आजी. त्याच महापौर, त्याच ग्रंथपाल, दारू विकायचा परवाना देणाऱ्याही त्याच आणि घेणाऱ्याही त्याच. नवऱ्याच्या पश्चात त्याची पाच हजार पुस्तकं एका खोपटात मांडून वाचनालय केलंय. गंमत पुढे आहे. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या दोन दाखवली. खाजगीपणा जपायला म्हणून जनगणनावाले लहान आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड करतात. एका माणसाच्या गावात खाजगीपणा!

सांजवात यांच्या किटवर जनगणना खात्याने असाच काही उपाय काढायला हवा होता.

सांजवात

पंत, पहिल्यांदाच तुमच्या प्रतिसादावर हसले.

नऊवारी

पंतांनी विषय काढलाच आहे तर कोडीचं सांगते, तेही नेब्रास्कातच, दीडशेच्या आसपास वस्ती. किराणा दुकान बंद पडलेलं, सामानासाठी लांब जावं लागायचं. शाळेतल्या पोरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून गवताच्या गाठी रचून, वर गिलावा करून दुकान बांधलं. २०१३ पासून ते चालू झालं आणि विद्यार्थीच गल्ला, मागणी, हिशेब सांभाळायला लागले. दुकान गेलं की गाव जातं, शाळा गेली की तर नक्कीच, हे इथे पोरांनाही कळतं.

केतकी, शाळेचं विचारलं नाहीस पण सांगते. लेकीच्या वर्गात चौदा जणं. चौदाच असल्यामुळे 'मला येत नाही' म्हणायची सोय नाही. तीच बँडमध्ये, तीच व्हॉलीबॉलला, तीच नाटकात झाड. फुटबॉलला अकरा पोरं जमत नाहीत म्हणून सहा जणांचा फुटबॉल खेळतात, तो खेळ १९३४ साली नेब्रास्कातच निघाला. शहरातल्या शाळेत ती तिसऱ्या फळीत बसली असती. दुसरी बाजू: गणिताचा वरचा वर्ग स्क्रीनवर, लांबच्या शिक्षकाकडून. आणि वर्गातली एक मैत्रीण रुसली तर दुसरा गट नाही, बारावीपर्यंत त्याच चौदा जणांत राहायचं.

अजून एक धक्का आत्ताच देऊन ठेवते. शाळेत ये-जा करायला इथे चौदा वर्षं दोन महिन्यांच्या पोरांना गाडी चालवायचा परवाना मिळतो. माझी पुढच्या वर्षी बसते त्यात. मी अजून नाशिकच्या आईला सांगितलेलं नाही.

केतकी_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा मुद्दा घेऊन नवऱ्याने वकिलाकडून करारात दोन ओळी घालून घेतल्या. सांजवात, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. अजून ठरत नाहीये. ठरलं की कळवते.

केतकी_एडिसन

(बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतेय.)

आलो. ऑगस्टपासून इथे आहोत. मंगळवारच आहे आणि दुपारच आहे, म्हणून लिहायला बसले.

भोंग्याला मी नाही घाबरले, तुमच्यामुळे. नवरा घाबरला, त्याने धागा वाचला नव्हता. मुलीचा वर्ग सतरा जणांचा. तिला पहिल्याच आठवड्यात ट्रम्पेट दिलं, आता घरात रिक्षाचा आवाज नाही ही माझी तक्रार मिटली.

सांजवात म्हणतात तेही भेटलं. माझी नोकरी गेली आहे, कागद चालू आहेत. दुपारी दोन ते साडेतीन फार वाईट जातात. सप्टेंबरात एकदा नुसतीच गाडी काढून कार्नीपर्यंत गेले आणि पार्किंगमध्ये बसून आईला फोन केला. पोचले, बोलले, परत आले. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाई म्हणाल्या, 'काल कार्नीला होतीस ना? आमच्या पुतण्याने बघितलं.' हसावं की रडावं कळेना.

गेल्या शुक्रवारी फुटबॉलच्या मॅचला पॉपकॉर्नच्या मशीनपाशी उभी राहिले. तेलाने हात भाजला, जॅकेटला अजून वास येतोय. कुणी विशेष काही बोललं नाही. फक्त आज सकाळी एका बाईंचा फोन आला. पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा गेलेत, नवऱ्याचेच पेशंट, गुरुवारी जेवण आहे. दोन डझन बार्स.

नऊवारी, वाचत असशील तर वड्यांचं प्रमाण दे लवकर. इथे ओला नारळ नाही, दुकानात किसलेलं सुकं खोबरं आहे.

नऊवारी

वाचतेय!! सुकं खोबरं चालतं, फक्त पाकीट नीट बघ, बिनसाखरेचं घे, दोन्ही शेजारी शेजारी असतात. तीन कप खोबरं पाऊण कप दुधात अर्धा तास भिजव. मग कन्डेन्स्ड मिल्कचा एक डबा, चमचाभर तूप, मंद आचेवर कडा सुटेपर्यंत परत. खूप कोरडं करू नकोस, थापल्यावर आळतं. वेलदोडा अगदी चिमूटभर, पहिल्यांदा खाणाऱ्यांना तो साबणासारखा लागतो. काजू-बदाम घालू नकोस, कुणाला ॲलर्जी असते. तूप लावलेल्या नऊ बाय तेराच्या ट्रेमध्ये थाप, कोमट असताना काप.

आणि ट्रेच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिही. सगळ्यांचे ट्रे एकत्र धुतात आणि रविवारपर्यंत दारात आणून ठेवतात. आडनाव नको, लांब पडेल. नुसतं केतकी लिही.

कोरडवाहू

दोन डझन म्हणाल्या असतील तर चार करा. शेतातली माणसं येणार आहेत, मक्याची काढणी चालू आहे.